पंपाच्या जागेचा खटला

डिसेंबर २०१४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायालयात ज्यूरीने एका पेटंट खटल्यात भरपाई ठरवली ती ४,०४,९४१ डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण अडीच कोटी रुपये. अमेरिकेतल्या पेटंटच्या भांडणांत कोट्यवधी डॉलरांची उलाढाल होते, त्या मानाने ही रक्कम किरकोळच. धंद्यातल्या लोकांचे लक्ष गेले ते दुसऱ्या आकड्याकडे. ज्यूरीने विक्रीवर १४.५ टक्के रॉयल्टी धरली होती. वादी होती डेन्मार्कमधल्या ऑलबोर्गची असेटेक ही कंपनी. प्रतिवादी होती सीएमआय यूएसए, म्हणजे तैवानच्या ‘कूलर मास्टर’चा माल अमेरिकेत विकणारी कंपनी. आणि वाद होता मुठीत मावेल अशा एका पंपावरून, किंबहुना तो पंप कुठे बसवायचा यावरून.

संगणक पाण्याने थंड करणे ही काही असेटेकची कल्पना नव्हे. आयबीएमने १९६०च्या दशकातच आपल्या महासंगणकांत पाणी खेळवले होते. १९८०मध्ये जाहीर झालेल्या ‘३०८१’ या मेनफ्रेममध्ये तर शंभराहून अधिक चिप एका बंद ठोकळ्यात बसवून वरच्या धातूच्या पट्टीतून गार पाणी फिरवले जाई. १९८५च्या ‘क्रे-२’मध्ये सेमूर क्रे यांनी त्याही पुढे जाऊन सर्किट बोर्डच फ्लोरिनर्ट या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवले आणि या पद्धतीचे पेटंटही घेतले. पण ही सगळी यंत्रे सरकारी प्रयोगशाळांची, बँकांची, मोठ्या कंपन्यांची. त्यांच्या दिमतीला तंत्रज्ञ असत, गळती झाली तर धावून येणारे असत.

घरगुती संगणकात पाणी आले ते हौशी मंडळींच्या हातून. प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा तर उष्णता वाढणार, आणि पंख्याचा आवाज सोसवेनासा होणार. मग कोणी मत्स्यालयाचा पंप आणला, कोणी मोडीतल्या गाडीच्या हीटरची जाळी काढून तिचाच रेडिएटर केला. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा, एका कोपऱ्यात पंप, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्या. जितके भाग तितके सांधे, आणि जितके सांधे तितक्या गळतीच्या जागा. मदरबोर्डवर थेंबभर पाणी सांडले तरी हजारो रुपयांचा चुराडा ठरलेला. सामान्य गिऱ्हाईक या भानगडीत पडत नसे, आणि संगणक बनवणाऱ्या कंपन्या तर मुळीच नाही.

असेटेकचे संस्थापक आंद्रे स्लॉथ एरिक्सन यांनी १९९७मध्ये कंपनी सुरू केली ती याच हौशी लोकांसाठी. फ्रीजच्या तत्त्वावर प्रोसेसर शून्याखाली नेणारे ‘व्हेपोचिल’ हे तिचे गाजलेले उत्पादन. पुढे ‘वॉटरचिल’ नावाने सुट्या भागांचे संच आले. पण कंपनीला पैसा मिळवून दिला तो वेगळ्याच विचाराने: सुटे भाग कमी करा, पाणी कारखान्यातच भरा, झाकण कायमचे बंद करा, आणि गिऱ्हाइकाला फक्त चार स्क्रू आवळायला लावा.

असे युनिट उघडून पाहिले की त्यातली युक्ती कळते. खाली प्रोसेसरला टेकणारी तांब्याची पट्टी, तिच्या आतल्या अंगाला कागदासारख्या पातळ उभ्या पात्यांची रांग. त्यावर प्लास्टिकचा पडदा आणि त्याला द्रव जाण्यापुरती वाट. पडद्याच्या वर पंपाचा कप्पा आणि त्यात फिरणारे चक्र. चक्रात चुंबक असतो. त्याला फिरवणारी तारेची वेटोळी मात्र भिंतीपलीकडे, कोरड्यात. वरच्या कप्प्यातला द्रव वाटेतून खाली येतो, तापलेल्या पात्यांवरून जातो आणि नळीने रेडिएटरकडे निघतो. पंप, टाकी आणि उष्णता शोषणारी पट्टी असे तिन्ही भाग एकाच डबीत आल्यामुळे उरल्या दोन नळ्या आणि एक रेडिएटर.

या रचनेचा आंतरराष्ट्रीय अर्ज मे २००५मध्ये दाखल झाला. पुढच्या काही वर्षांत कंपनीने बाजारही गाठला. २००९मध्ये कॉर्सेअरने ‘एच५०’ हा कूलर काढला तो असेटेकने बनवलेला होता. अँटेक, एनझेडएक्सटी अशा नावांच्या खोक्यांतूनही असेटेकचाच माल जाऊ लागला. गिऱ्हाइकाला ब्रँड वेगळे दिसत, आतली डबी एकाच घरची.

अमेरिकेचे पेटंट मिळायला मात्र ऑगस्ट २०१२ उजाडला. एका आठवड्याच्या अंतराने ८२,४०,३६२ आणि ८२,४५,७६४ या क्रमांकांची दोन पेटंटे असेटेकच्या हाती आली, आणि कंपनी लगेच कोर्टात गेली. पहिला नंबर लागला कॅनडातल्या कॅलगरीच्या कूलआयटी सिस्टिम्सचा. ते प्रकरण ज्यूरीपर्यंत न जाता तडजोडीने मिटले. जानेवारी २०१३मध्ये सीएमआयवर फिर्याद झाली आणि ती न्यायमूर्ती जॉन टायगर यांच्यासमोर चालली.

सीएमआयचा मुख्य बचाव असा की यात नवीन काही नाही. तिचे वकील जपानी संशोधक कोगा यांच्या पेटंटकडे बोट दाखवत होते. तिथेही पंप आणि उष्णता घेणारा भाग एकत्रच आहेत, मग असेटेकने शोधले ते काय? असेटेकचे उत्तर कप्प्यांवर उभे होते: एकाच भांड्यात एकावर एक दोन कप्पे, वरचा पंपाचा आणि खालचा उष्णतेचा. कोगांच्या यंत्रात अशी मांडणी नाही. हजारो खोक्यांचे भवितव्य त्या प्लास्टिकच्या पडद्याने काय वेगळे केले आणि काय जोडले, या प्रश्नावर टांगले होते. ज्यूरीने असेटेकचे म्हणणे मान्य केले. कूलर मास्टरच्या सायडन आणि नेप्टन मालिकांतले कूलर पेटंटचा भंग करणारे ठरले.

भंग करणाऱ्या मालाच्या यादीत आणखी एक नाव होते ‘ग्लेसर २४०एल’. त्याची कहाणी मजेशीर आहे. कॅलिफोर्नियातल्या स्विफ्टेक या छोट्या कंपनीने २०१३च्या सुरुवातीला ‘एच२२०’ हा कूलर आणला होता. जाणकारांनी तो उचलून धरला. काही महिन्यांतच असेटेकच्या पेटंटमुळे स्विफ्टेकने तो अमेरिकेतल्या बाजारातून मागे घेतला. मग तोच कूलर थोड्याफार फरकाने कूलर मास्टरच्या नावावर ‘ग्लेसर’ म्हणून अवतरला आणि दोषी ठरलेल्या मालात जाऊन बसला. स्विफ्टेकने मात्र तोवर दुसरी वाट धरली होती. २०१४च्या ‘एच२२०-एक्स’मध्ये पंप आणि टाकी प्रोसेसरवरून उचलून रेडिएटरला जोडली. प्रोसेसरवर राहिला नुसता ठोकळा. अँटेकनेही ‘कूलर १२५०’मध्ये पंप रेडिएटरच्या पंख्यापाशी नेला.

सप्टेंबर २०१५मध्ये न्यायमूर्ती टायगर यांनी मनाई हुकूम काढला आणि जानेवारी २०१५पासून विकलेल्या मालावर रॉयल्टी २५.३७५ टक्के केली, म्हणजे ज्यूरीच्या दराच्या पावणेदोन पट. एवढी टक्केवारी देऊन कूलर विकायचा तर हाती काय उरणार? हुकमाची झळ मग तिसऱ्यांनाही लागली. एएमडीने जूनमध्ये आणलेल्या ‘रेडिऑन आर९ फ्युरी एक्स’ या ग्राफिक्स कार्डावर कूलर मास्टरचा द्रव कूलर होता. असेटेकने एएमडीला आणि गिगाबाइटला पत्रे धाडून असा माल विकणे थांबवायला सांगितले. गंमत अशी की आदल्याच वर्षी ‘आर९ २९५एक्स२’ या कार्डासाठी एएमडीने कूलर घेतला होता तो असेटेकचाच.

अपिलात फेडरल सर्किट न्यायालयाने डिसेंबर २०१६मध्ये भंग, पेटंटची वैधता आणि भरपाई हे तिन्ही मुद्दे कायम ठेवले. एका ठिकाणी मात्र खालच्या न्यायालयाला थोपवले. तैवानची मूळ कंपनी कूलर मास्टर खटल्याच्या ओघात असेटेकनेच प्रतिवादींच्या यादीतून सोडली होती. मग मनाई हुकमात तिला पुन्हा कसे ओढता येईल? सीएमआयला भंग करायला मदत केली तर ती जबाबदार, त्यापलीकडे नाही, असे सांगून तेवढा भाग फेरविचाराला परत पाठवला. मुख्य न्यायमूर्ती शॅरन प्रोस्ट यांचे याच मुद्द्यावर अंशतः वेगळे मत पडले: फेरविचार होईपर्यंत हुकूम चालू तरी का ठेवायचा? निकालपत्राची सुधारित आवृत्ती एप्रिल २०१७मध्ये आली.

भांडण तिथे संपले नाही. जानेवारी २०१९मध्ये असेटेकने कूलआयटीवर नव्याने दावा लावला, कूलआयटीने आपली पेटंटे पुढे करून उलट दावा केला, आणि पुढे कॉर्सेअरही त्यात ओढली गेली. एव्हाना खरा पैसा गेम खेळणाऱ्यांच्या संगणकांतून डेटा सेंटरकडे सरकू लागला होता. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्ये सी-डॅकने उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही पाणी थेट प्रोसेसरवरच्या पट्टीपर्यंत नेले आहे. २०२३मध्ये केकेआर या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने कूलआयटी विकत घेण्याचा व्यवहार जाहीर केला तो सुमारे २७ कोटी डॉलरांचा. ज्यूरीने सीएमआयवर बसवलेल्या भरपाईच्या साडेसहाशे पटींहून अधिक.

अमेरिकी कायद्यात पेटंटची मुदत अर्जापासून वीस वर्षे. कार्यालयीन विलंबापोटी काही दिवस वाढवून मिळतात ते सोडले, तर २००५च्या अर्जाचा हिशेब २०२५मध्ये पुरा होतो. असेटेकने चोरीचा नुसता कांगावा केला असे म्हणता येणार नाही. हौशी माणसाचे पसारेदार यंत्र तिने खोक्यात बंद करून दुकानात आणले, त्याचे मोल तिला मिळायलाच हवे होते. पण ज्या धंद्यात प्रोसेसरची पिढी दोन-तीन वर्षांत जुनी होते, तिथे दोन कप्प्यांच्या मांडणीवर वीस वर्षांचा हक्क जरा जास्तच लांबला. आणि त्याची किंमत प्रतिस्पर्ध्यांइतकीच गिऱ्हाइकांनीही मोजली.