वर्धा जिल्ह्यातील शेतवाहने

वर्धा जिल्ह्यात शेतमालाची ने-आण आणि गाव ते शेत असा प्रवास यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनांत बंडी ही ओझ्याची बैलगाडी, रेंगी व दमणी या बसून जाण्याच्या हलक्या गाड्या, रबरी चाकांची टायरगाडी आणि ट्रॅक्टर-ट्रॉली यांचा समावेश होतो. यांपैकी कोणते वाहन ठेवावे, हे ओझे किती यापेक्षा शेताची वाट पावसाळ्यात कशी राहते आणि घरी बैलजोडी इतर कामांसाठी लागते की नाही, यांवर अधिक ठरत आले आहे. वर्धा शहरालगतचे सावंगी (मेघे) हे गाव आज वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयामुळे ओळखले जाते. तेथे डांबरी रस्ता सोडून शिवारात शिरले की वाहनाच्या निवडीचा हा प्रश्न लगेच समोर येतो. (गावाच्या नावापुढील ‘मेघे’ हा शब्द शेजारच्या बोरगाव व सिंदी या गावांच्या नावांपुढेही लागतो आणि त्याच नावाच्या इतर गावांपासून ती वेगळी ओळखता येतात.)

माती व वाट

जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या कापसाच्या जमिनीचा आहे. या मातीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसून तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात पांदण, म्हणजे दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमधून शेताकडे जाणारी वाट, दगडासारखी टणक असते. आषाढ-श्रावणात तीच वाट चाक, खूर आणि पाऊल यांना सारखीच धरून ठेवते. खते, बियाणे व औषधे शेतात नेण्याचे आणि निंदण-डवरणीसाठी रोज जाण्या-येण्याचे दिवस नेमके याच काळात येतात. सोयाबीनची कापणी परतीच्या पावसात सापडली, तर काढलेला माल शेतातच अडकून पडतो व भिजतो. म्हणून या भागात वाहनाची खरी परीक्षा पावसाळ्यातच होते.

बंडी

बंडीची चाके पारंपरिक पद्धतीने बाभळीसारख्या कठीण लाकडाची असतात. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांवर बसवलेली पुठ्ठी आणि त्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव अशी त्यांची रचना असते. धाव गार होताना आवळते व सगळे सांधे घट्ट धरते. हे काम सुतार आणि लोहार यांनी मिळून करावयाचे असते. गावात हे दोघे नसतील, तर बंडीची डागडुजी अवघड होते. तिचा वापर घटण्यामागील या कारणाचा उल्लेख फारसा केला जात नाही.

चाकाचा व्यास मोठा असल्याने खड्डे व ढेकळे ओलांडणे बैलांना सोपे जाते. धाव मात्र अरुंद असते, त्यामुळे भरलेली बंडी ओल्या मातीत खोल रुतते. ओझे कसे रचले आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. भार पुढे आला तर जू बैलांच्या मानेवर दाबते. तो मागे गेला तर गाडी उलाळ होते, म्हणजे पुढून उचलली जाऊन मागे कलते. कापूस वजनाने हलका पण आकाराने मोठा असल्याने बंडीच्या बाजू उंच करून तो भरतात.

रेंगी व दमणी

रेंगी ही लहान, हलकी व दोन माणसांपुरती गाडी असून ती बैलांना दुडक्या चालीने ओढता येते. दमणी तिच्याहून मोठी असते व तिच्यावर बहुधा छत असते. लग्नकार्य, बाजार किंवा लेकीला सासरी पोहोचवणे यांसाठी तिचा उपयोग होई. ज्या घरी दोन्ही गाड्या असत, तेथे बंडी कामाची आणि रेंगी मिरवण्याची मानली जाई. तथापि रेंगीला निव्वळ मिरवण्याची गाडी समजणे योग्य नाही. चिखलातून दवाखान्यापर्यंत रोग्याला नेण्यासाठी भरल्या बंडीचा उपयोग नसे, तेथे हलकी गाडीच कामी येई.

अशा गाडीसाठी चपळ बैल लागत. वर्धा जिल्ह्याचा उत्तर भाग व लगतचा प्रदेश हे मूळ क्षेत्र असलेली गवळाऊ ही गोवंशाची जात अंगाने सडपातळ, रंगाने पांढरी-करडी आणि चालीला वेगवान आहे. मराठ्यांच्या सैन्याच्या जलद वाहतुकीसाठी ही जात जोपासली गेली, असे परंपरेने सांगितले जाते. हलक्या गाडीचा आणि वेगवान बैलांचा हा वारसा विदर्भातील शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, आजही दिसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालानंतर बंद पडलेल्या या शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरवला.

टायरगाडी

रबरी चाक व बेअरिंग असलेली गाडी डांबरी किंवा मुरमी रस्त्यावर बंडीपेक्षा सहज चालते. त्याच बैलांकडून जास्त माल ओढला जातो व रस्ताही कमी खराब होतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालील १९६५ च्या नियमांतही हवेच्या टायरची गाडी, बेअरिंगची गाडी आणि साधी गाडी यांच्यासाठी ओझ्याच्या वेगवेगळ्या मर्यादा घातल्या आहेत. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर गेले असता दुपारी १२ ते ३ या वेळेत ओझ्याची जनावरे जुंपू नयेत, असेही तेच नियम सांगतात. वर्ध्याच्या उन्हाळ्यात ही मर्यादा अनेक दिवस ओलांडली जाते.

टायरगाडीचा दोष उतारावर दिसतो. सहज धावणारी भरली गाडी थांबवण्याचा भार ब्रेक नसल्यास बैलांच्या मानेवर येतो. लहान व्यासाची रबरी चाके ओल्या काळ्या मातीत घसरतात आणि त्यांना चिकटलेला चिखल वाढतच जातो.

ट्रॅक्टर

कोरड्या वाटेवर ट्रॅक्टर-ट्रॉलीला तोड नाही. एका खेपेत ती अनेक बंड्यांचा माल नेते, शिवाय नांगरणीही त्याच यंत्राने होते. अल्पभूधारकाला मात्र स्वतःचा ट्रॅक्टर परवडत नाही. तो भाड्याने बोलावतो, आणि सगळ्यांची कापणी एकाच आठवड्यात आली की भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळत नाही. ओल्या पांदणीत ट्रॅक्टर शिरला तर त्याच्या जड चाकांच्या चाकोऱ्या पुढे मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला भोवतात. कमी अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर अरुंद वाटेतून जातो व पिकाच्या ओळींतही चालतो. म्हणून बैलजोडी आणि मोठा ट्रॅक्टर यांच्यामधला पर्याय म्हणून तो वापरात आला आहे.

बैलजोडी राखण्याचे मुख्य कारण गाडी नव्हे, तर डवरणी व वखरणी हे आहे. कपाशी वाढल्यावर ओळींमधून डवरा फिरवण्यासाठी जोडी लागतेच आणि ती घरी असली की बंडीचा वेगळा खर्च फारसा राहत नाही. उलट तणनाशकांमुळे डवरणी कमी झाली की वर्षभर जोडी पोसणे जड जाते आणि बैलांबरोबर बंडीही जाते.

अन्य देशांतील तुलना

हलके व अरुंद की जड व रुंद, हा पेच परदेशांतही आहे. अमेरिका व कॅनडातील शेते आणि कुरणे यांत एटीव्ही व साइड-बाय-साइड अशी दोन प्रकारची वाहने वापरतात. एटीव्हीवर चालक मोटारसायकलसारखा स्वार होतो. साइड-बाय-साइडमध्ये शेजारी-शेजारी आसने, स्टिअरिंग, संरक्षक सांगाडा व मागे माल ठेवण्याची जागा असते. कुंपणाची दुरुस्ती, चारा किंवा अवजारे यांसाठी दुसरे सोयीचे पडते, तर एकट्याने अरुंद वाटेने जाण्यास पहिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांतील अनेक वाटांवर ५० इंचांपेक्षा (सुमारे १.२७ मीटर) रुंद वाहनांना मनाई असते, त्यामुळे बरीच साइड-बाय-साइड वाहने तेथे जाऊ शकत नाहीत. भारतात एटीव्ही मुख्यतः साहसी क्रीडास्थळांवर दिसते.

पांदणीचा प्रश्न

वाहन कोणतेही घेतले तरी वाट अडवलेली असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि धुऱ्यावरून शेजाऱ्यांत होणारे वाद ही जुनी बाब आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या सीमेवरून रस्ता मागण्याचा अर्ज तहसीलदाराकडे करता येतो. असलेला रस्ता कोणी अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना सुरू केली. बैलगाडीच्या मापाने राखलेल्या अनेक वाटा धुरे सरकत गेल्याने आज त्या मापाच्याही राहिलेल्या नाहीत, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली समोरासमोर आल्या तर एकीला मागे जाऊन शेतात उतरावे लागते.