ऐतिहासिक साधन म्हणून प्रेअरी प्रदेशातील स्टुडिओ-छायाचित्रे

कॅनडाच्या मॅनिटोबा, सस्कॅचेवान व अल्बर्टा या तीन प्रांतांतील गावोगावच्या वस्तुसंग्रहालयांत, ग्रंथालयांच्या स्थानिक इतिहासकक्षांत आणि प्रांतिक दप्तरखान्यांत जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेली असंख्य व्यक्तिचित्रे जतन केलेली आहेत. 1967 साली कॅनडाच्या राज्यसंघाची शताब्दी झाली व 1980 साली सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या प्रांतांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्तांनी गावागावांनी आपापले इतिहासग्रंथ सिद्ध केले आणि घराघरांतील पेट्यांतून ही चित्रे बाहेर आली. मात्र त्या ग्रंथांत त्यांचा उपयोग बहुधा मजकुराची शोभा वाढविण्यापुरताच झाला. चित्राखाली 'आद्य वसाहतकार कुटुंब' एवढे लिहिले की संपादकाचे काम संपे. कागदपत्रांना जी चिकित्सा आपण लावतो ती या पुठ्ठ्यांच्या वाट्याला फारशी आली नाही.

ही चित्रे कशासाठी काढली गेली, हा पहिला प्रश्न. 1872 च्या वसाहत-कायद्याने दहा डॉलर नोंदणी-शुल्कावर 160 एकर जमीन देऊ केली, 1885 साली आंतरखंडीय लोहमार्ग पूर्ण झाला, आणि क्लिफर्ड सिफ्टन गृहमंत्री असताना (1896–1905) पूर्व युरोपातील शेतकऱ्यांना मुद्दाम आणण्यात आले. सस्कॅचेवानची लोकसंख्या 1901 साली सुमारे 91 हजार होती, ती 1911 साली सुमारे 4 लाख 92 हजार झाली. इतकी माणसे घरदार सोडून आली म्हणजे तितक्याच कुटुंबांचा एक भाग मागे राहिला. स्टुडिओतील चित्र हे त्या मागे राहिलेल्यांना पाठविलेले एक प्रकारचे पत्रच होय, आणि पत्रात माणूस आपली दुर्दशा क्वचितच लिहितो. ज्या मैदानावर मैलोगणती झाड दिसत नाही, तेथील कुटुंब रंगविलेल्या उद्यानासमोर, लाकडी कठड्याला टेकून उभे असते. हा पडदा, ती वेताची खुर्ची, प्रसंगी अंगावरचा कोटदेखील छायाचित्रकाराचा असू शके. तेव्हा कोटावरून सुबत्तेचे अनुमान काढणारा संशोधक फसण्याचा संभव मोठा. त्या कोटावरून सिद्ध होते ते एवढेच, की सुबत्ता दाखवावी असे त्या माणसाला वाटत होते. अर्थात हेही काही थोडे नव्हे.

सीमेपलीकडे नेब्रास्कात सॉलोमन बुचर याने 1886 पासून वसाहतकारांना त्यांच्या मातीच्या घरांसमोरच उभे करून चित्रे घेतली. तेथे तरी वास्तव सापडेल असे वाटते. पण त्याच्याच संग्रहातील एका प्रसिद्ध चित्रात कुटुंबाने घरातील ऑर्गन अंगणात ओढून आणला आहे, कारण मातीचे घर आप्तांना दिसू नये अशी गृहिणीची इच्छा होती. स्टुडिओ भिंतींनी होतो असे नाही.

कालनिर्णयासाठी चेहऱ्यापेक्षा पुठ्ठा अधिक बोलका ठरतो. रेजायना हे शहर 1 सप्टेंबर 1905 पूर्वी वायव्य प्रदेशांच्या असिनिबोइया या जिल्ह्यात होते. त्या दिवशी सस्कॅचेवान प्रांत झाला आणि जिल्ह्याचे नाव मिटले. म्हणून पुठ्ठ्यावर 'असिनिबोइया' छापलेले असेल तर चित्र बहुधा त्याआधीचे. 'बहुधा' म्हणण्याचे कारण असे की, छापील पुठ्ठ्यांचा साठा शिल्लक असता काटकसरी छायाचित्रकार तो फेकून देत नसे. एडमंटनच्या बाबतीत तर ही कसोटी निम्मी लंगडी पडते, कारण अल्बर्टा हे नाव प्रांताआधी जिल्ह्यालाही होते.

काचेचे रसायनही लक्षात घ्यावे लागते. त्या काळच्या साध्या काचा निळ्या प्रकाशाला तत्परतेने व तांबड्याला जवळजवळ मुळीच प्रतिसाद देत नसत. त्यामुळे निळे डोळे पांढुरके दिसतात आणि गॅलिशियाहून आलेल्या युक्रेनी स्त्रियांच्या सदऱ्यांवरील तांबडे व काळे भरतकाम सारखेच काळे उमटते. भरतकामाच्या रंगावरून मूळ गाव ओळखू पाहणाऱ्याने येथे थांबलेले बरे.

स्टुडिओच्या या संकेतांचा सर्वांत कठोर उपयोग शासनाने केला. कॅनडाच्या इंडियन व्यवहार खात्याच्या 1896 च्या वार्षिक अहवालात थॉमस मूर या मूलनिवासी मुलाची दोन चित्रे समोरासमोर छापली आहेत. एकात त्याच्या केसांच्या वेण्या आहेत, अंगावर पारंपरिक पोशाख व हातात पिस्तूल आहे. दुसऱ्यात केस कापलेले, अंगावर रेजायना औद्योगिक शाळेचा गणवेश आणि शेजारी कुंडीतील झाड. शाळेत येण्यापूर्वीचा व नंतरचा मुलगा, असा त्यांचा अर्थ वाचकाने लावावा ही अपेक्षा. परंतु दोन्ही चित्रे सारखीच मांडलेली आहेत. मुलाच्या हाती पिस्तूल कोणी दिले, हा प्रश्न विचारताच पहिल्या चित्राचा पुरावा म्हणून असलेला आव गळून पडतो. वसाहतकाराने आपली प्रतिमा स्वतः पैसे मोजून निवडली, या मुलाची इतरांनी निवडली. दप्तरखान्यात मात्र दोन्ही 'व्यक्तिचित्र' याच सदरात बसतात.

चित्रे उरली तीही योगायोगाने. एडमंटनचा अर्नेस्ट ब्राउन 1904 साली इंग्लंडहून आला व त्याने मॅथर्स याचा स्टुडिओ विकत घेतला. पुढे त्याचा व्यवसाय बुडाला, तरी त्याने काचा सोडल्या नाहीत. 1947 साली अल्बर्टा सरकारने त्या विकत घेतल्या, म्हणून आज त्या प्रांतिक दप्तरखान्यात आहेत. असा हट्टी मनुष्य प्रत्येक गावाला लाभला नाही.

आणि जी चित्रे उरली त्यांतील पुष्कळांना नाव नाही. ग्रंथपाल मंडळी याबद्दल कुटुंबांना दोष देतात, तो अन्याय्य वाटतो. एका काचेवरून अनेक प्रती निघत. जी प्रत समुद्रापार जाई तिच्या पाठीवर नावे लिहिण्याचे कारण असे, कारण तेथे जन्मलेले मूल कोणी पाहिलेले नसे. घरी राहिलेल्या प्रतीला नावाची गरज नव्हती, आईला आपले मूल ओळखता येत होते. कॅनडाच्या राष्ट्रीय दप्तरखान्याने या शतकाच्या आरंभी इनुइट वृद्धांना जुनी चित्रे दाखवून नावे मिळविण्याचा उपक्रम सुरू केला व पुढे तो इतर मूलनिवासी समाजांपर्यंत नेला. वसाहतकारांच्या बाबतीत ओळखणारी पिढी आता उरलेली नाही. त्यांची नावे शोधायची तर युक्रेनमधील गॅलिशियाच्या खेड्यांत, जुन्या पेट्यांच्या तळाशी, त्याच काचेवरून काढलेली दुसरी प्रत उलटून पाहावी लागेल.