प्रयोगशाळेत वाढलेला मज्जारज्जू: रीलमध्ये किती, खरं किती?

बाइक अपघातानंतर कोल्हापुरातला माझा मित्र व्हीलचेअरवर आहे. ‘स्टेम सेलने चालायला लागा’ अशा रील तो मला पाठवतो. म्हणून हे नीट सांगतो.

२००७ मध्ये शिन्या यामानाकांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी चार जनुकं वापरून स्टेम सेलसारख्या केल्या. फोन फॅक्टरी रीसेट करतो ना, तसंच. अशा पेशींना ठरावीक क्रमाने रासायनिक संकेत दिले की मज्जारज्जूसारखी ऊती वाढते. २०२२ मध्ये तेल अवीव विद्यापीठात ती बसवलेले बहुतेक लुळे उंदीर पुन्हा चालले.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. कोल्हापुरात डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठातही स्टेम सेलवर संशोधन होतं. संशोधन म्हणजे तयार उपचार नाही. भारतात मणक्याच्या दुखापतीवर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच देता येतात.

मित्राला म्हटलं, पैसे भरण्याआधी सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक माग. तो फोनवरच तपासता येतो.