शिसवी पलंग आणि नातवाची गिटार

माझा नातू स्वतःसाठी बेस गिटार घडवून घेतोय. त्यासाठी त्याने माळ्यावरच्या शिसवी पलंगाची एक फळी मागितली. "आजी, नेकवरच्या पट्टीपुरती हवी. सव्वादोन फूट." मी लगेच हो म्हटलं नाही. ह्यांचा जन्म त्या पलंगावर झालेला.

शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, पण लढाया आणि तहांचा. लाकडालाही इतिहास असतो हे या निमित्ताने कळलं.

पूर्वी बेस म्हणजे माणसाएवढं उभं वाद्य. न्यायला अवघड, आणि मोठ्या वाद्यवृंदात त्याचा आवाज बुडायचा. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ साली गळ्यात अडकवता येणारा प्रिसिजन बेस बाजारात आणला. अंग अ‍ॅश लाकडाचं आणि दांडी मेपलची. दांडीला मेपलच का, तर चार जाड तारांचा ७०-८० किलोंचा ताण तिने वर्षानुवर्षं सोसायचा असतो. म्हणून कठीण लाकूड, आणि आत पोलादी सळई. पुढे १९५६च्या सुमारास अंगाला आल्डर आलं आणि १९५९पासून बोटांखालच्या पट्टीला शिसवी. मेपलवरचं लॅकर वाजवून वाजवून झिजतं आणि पट्टी मळकट दिसते. शिसवी मुळातच काळसर, तेलकट, तिला लॅकर लागत नाही.

ती शिसवी आधी ब्राझीलची असे. ती दुर्मिळ होत गेली तशी साठच्या दशकात आपली, दक्षिण भारतातली शिसवी तिकडे जाऊ लागली. म्हणजे आमच्या पलंगाचे भाऊबंद अमेरिकेच्या रंगमंचांवर पोचले होते, आणि आम्हाला पत्ता नाही! १९९२ साली ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. २०१७ साली शिसवीच्या सगळ्या जातींवर परवान्याचं बंधन आलं. तयार वाद्यांना २०१९मध्ये त्यातून सूट मिळाली. अ‍ॅशचंही तेच. झाडं पोखरणारी कीड आणि मिसिसिपीचे पूर यांमुळे २०२० साली फेंडर कंपनीने नेहमीच्या बहुतेक गिटारांत अ‍ॅश वापरणं थांबवलं.

लाकडाने आवाज किती बदलतो यावर कारागिरांत वाद आहेत. दांडी वाकता कामा नये, यावर मात्र नाहीत. म्हणूनच त्यांना जुनं, पुरतं वाळलेलं लाकूड आवडतं. जे ओल सोडून बसलंय, ते आता कशाला वाकेल?

काल पलंग खाली काढला. दोन पाय किडीने पोकळ झालेले, पण बाजूची फळी शाबूत निघाली. हात फिरवला तर अजून गुळगुळीत. माळ्यावर ठेवून मी काय जपत होते? किडीचं जेवण.

नातवाला म्हटलं, "ने. पण उरलेला तुकडा परत आण." त्याचा देवापुढे पाट करीन म्हणते.