वेल्लोरचा धडा : मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड विल्यम बेंटिंक

सतीबंदी आणि इंग्रजी शिक्षण या दोन निर्णयांमुळे लॉर्ड विल्यम बेंटिंक मराठी वाचकाला परिचित आहे. त्याच्या कारकिर्दीतील मद्रासचा, म्हणजे आजच्या चेन्नईचा, कालखंड मात्र उपेक्षितच राहिला. वस्तुतः त्याची सुधारणाविषयक दृष्टी समजून घेण्यासाठी हाच कालखंड विचारात घ्यावा लागतो.

पोर्टलंडच्या तिसऱ्या ड्यूकचा हा दुसरा मुलगा. १७९१ मध्ये तो लष्करात दाखल झाला आणि १७९६ मध्ये पार्लमेंटचा सदस्य झाला. १८०३ मध्ये, वयाची तिशी गाठण्यापूर्वीच, त्याने फोर्ट सेंट जॉर्ज येथे गव्हर्नरपदाची सूत्रे स्वीकारली. रयतेशी थेट महसूल ठरविण्याच्या टॉमस मन्रोच्या पद्धतीकडे त्याचा कल होता. सैन्यातील रयतेचे मन ओळखण्यात मात्र त्याचे शासन चुकले.

सरसेनापती सर जॉन क्रॅडॉक याच्या काळात शिपायांसाठी नवी पगडी आली. कपाळावरील गंध, कानांतील बाळ्या आणि दाढी यांवर निर्बंध घालण्यात आले. शिपायांना यात धर्म बुडविण्याचा डाव दिसला. त्यांचा विरोध शिक्षेने दडपण्यात आला आणि गव्हर्नरनेही पगडीचा आग्रह उचलून धरला. १० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात बंडाचा भडका उडाला. टिपू सुलतानाचे पुत्र तेथेच नजरकैदेत होते. अर्काटहून आलेल्या गिलेस्पीच्या घोडदळाने ते बंड त्याच दिवशी निर्दयपणे मोडून काढले.

१८०७ मध्ये कंपनीच्या संचालकांनी बेंटिंक आणि क्रॅडॉक या दोघांनाही परत बोलावले. त्याच वर्षी बेंटिंकचे वडील दुसऱ्यांदा ब्रिटनचे पंतप्रधान झाले. तथापि घराण्याच्या प्रतिष्ठेने हा निर्णय बदलला नाही. हा अपमान बेंटिंकला दीर्घकाळ सलत राहिला.

१८२८ मध्ये तो गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्यास आला, तेव्हा सतीबंदीपूर्वी त्याने अनुभवी लष्करी अधिकाऱ्यांची मते गोपनीयपणे मागविली. शिपायांत असंतोष पसरेल काय, हा त्याचा मुख्य प्रश्न होता. उत्तरे आश्वासक आल्यावरच डिसेंबर १८२९ चा कायदा झाला. १८३५ मध्ये त्याने देशी सैन्यातील फटक्यांची शिक्षाही रद्द केली. या निर्णयांमागे मानवतावाद होताच. पण शिपायाच्या मनाचा आधी ठाव घेण्याची सावधता त्याला वेल्लोरने शिकविली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.