हिंगणघाटचा बनी कुठे गेला?

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानी कापसाचे भाव निघत, तेव्हा यादीत भडोच असे, धोलेरा असे, उमरावती असे. त्यांच्या जोडीला आणखी एक नाव असे, आपल्या वर्धा जिल्ह्यातले, हिंगणघाट. त्या इंग्रज दलालांनी वणा नदी कधी पाहिली नव्हती. पण हिंगणघाट म्हटले की धागा लांब आणि मऊ, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

या कापसाला इकडे ‘बनी’ म्हणत. वर्धा खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत तो पिके. त्याचे सूत तलम निघे. मात्र त्यात एक खोट होती. वेचलेल्या कापसात सरकीचे वजन जास्त आणि रुई कमी. त्याचा प्रतिस्पर्धी होता ‘जरी’. जरीचा धागा आखूड आणि जाडाभरडा, पण रुईचा उतारा भरपूर. बनीची सगळी कहाणी या एका फरकात आहे म्हणा ना.

वर्धा जिल्हा स्वतंत्र झाला 1862 साली. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिथला कापूस अडकून पडला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडे पाहू लागल्या. भाव कडाडले. त्या दिवसांत कापूस मुलखातल्या शेतकऱ्यांनी बंड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि चांदी जिथून आली तिथे परत गेली.

सरकारचे लक्ष मात्र कापसावरून हटले नाही. रिव्हेट-कारनॅक नावाचा तरुण अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर झाला. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली, पुढल्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटकडे फाटा गेला, सुएझचा कालवा 1869 मध्ये खुला झाला. परदेशी बियाण्यापेक्षा हिंगणघाटचेच बी चांगले, ते इतरत्र लावावे, असेही प्रयत्न झाले. भेसळ थांबावी म्हणून मुंबई सरकारने त्याआधीच, 1863 मध्ये, कायदा केला होता. म्हणजे रस्ता झाला, आगगाडी झाली, कायदा झाला. मग बनी मागे का पडला?

याचे उत्तर शेतकऱ्याच्या घरातच शोधावे लागते. पूर्वी कापसातली सरकी हाताच्या रेच्यावर काढत. बहुतेक हे काम बायका करीत. घरचा कापूस, घरचा रेचा, म्हणून सरकीही घरचीच राही, आणि तीच पुढल्या मृगात पेरली जाई. बियाण्याची निवड कुठल्या खात्याने करायची नव्हती, ती आपोआप होत होती. वाफेची जिनिंग आली तेव्हा हे सगळे मोडले. दहा गावांचा कापूस एका ढिगात पडू लागला. बनी आणि जरीची सरकी एकत्र झाली. शेतकरी पेरणीला सरकी आणू लागला ती याच ढिगातून. सुधारणा म्हणून आलेल्या यंत्राने वाणच बिघडवला, आणि त्याची नोंद कुणी गुन्हा म्हणून केली नाही.

दुसरे कारण साध्या हिशेबाचे. समजा, शंभर शेर बनीतून पंचवीस शेर रुई निघाली आणि शंभर शेर जरीतून पस्तीस. मग बनीच्या रुईला चाळीस टक्के जास्त भाव मिळाला तरच बरोबरी होते. तलमपणाचा तो जादा पैसा अडत्या, दलाल आणि निर्यातदार यांच्या हातांतून खाली झिरपत शेतापर्यंत किती येणार? त्यात मुंबईच्या गिरण्यांना चीनसाठी जाडे सूत हवे होते, पुढे जपानलाही आखूड धाग्याचा स्वस्त माल चालत होता. टाटांची एम्प्रेस मिल 1877 मध्ये नागपुरात उघडली, हिंगणघाटलाही गिरण्या झाल्या, पण तोवर वारे जरीच्या बाजूचे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनी बराचसा हटला होता. शेतकऱ्याला कापसाची पारख उरली नाही, असा ठपका सरकारी लिखाणात अधूनमधून दिसतो. मला तो अन्यायाचा वाटतो. पारख त्याला होतीच, वजनकाट्याची जरा जास्त होती, कारण पैसे त्यावरच मिळत होते.

गांधीजी 1934 मध्ये वर्ध्याला आणि 1936 मध्ये सेवाग्रामला आले. चरख्याची राजधानी जिथे झाली, तिथला सर्वांत तलम कापूस त्याआधीच मागे पडलेला होता. बनीच्या जातकुळीतला गावराणी कापूस नांदेडकडे मात्र बरीच वर्षे टिकला.

याच जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, वायगाव आहे. हळदीसाठी इतके प्रसिद्ध, की लोक त्याला वायगाव हळद्याच म्हणतात. तिथल्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यात कुरकुमिनचे प्रमाण सहा टक्क्यांहून जास्त असते. गावाचे नाव मालाला लागले, ते यावेळी कायद्याच्या नोंदीसह.

फरक एवढाच नाही. कापसाची एक गाठ 170 किलोची, ती बांधायला जिनिंग-प्रेस लागतेच, म्हणून एकट्या कुटुंबाचा कापूस त्याच्या नावाने कधी समुद्र ओलांडू शकला नाही. आज आंध्रातल्या अराकू खोऱ्यातल्या आदिवासी कुटुंबांची कॉफी त्या खोऱ्याच्या नावाने विकली जाते, 2017 मध्ये तर तिचे दुकान पॅरिसमध्ये निघाले. कॉफी काय, हळद काय, किलोच्या पाकिटात मावते. हळद घरी उकडता येते, अंगणात वाळवता येते, जवळच दळून आणता येते. भेसळीची भीती आहे ती दळल्यानंतर. पावडर झाली की सांगलीची कोणती आणि वायगावची कोणती, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून तपासणी कोण करतो आणि पाकिटावर कुणाचे नाव असते, याला महत्त्व आहे.

हिंगणघाटची बाजारपेठ अजूनही कापसाने भरते. तो बहुतेक बीटी संकरित वाणांचा, 2002 नंतर आलेला. त्याचे बियाणे दरसाल पाकिटातून विकत आणावे लागते. हळदीला तसे करावे लागत नाही. काढणीच्या वेळी चांगले गड्डे बाजूला काढून सावलीत झाकून ठेवले, की तेच पुढल्या पावसाळ्याचे बेणे.