मतदारातला ‘दार’

हिंदीत ज्याला ‘मतदाता’ म्हणतात, त्याला मराठीत आपण ‘मतदार’ म्हणतो. ‘मत’ संस्कृत, ‘मन्’ म्हणजे विचार करणे या धातूपासून आलेले. ‘दार’ हा प्रत्यय फारसी. एखादी गोष्ट ज्याच्यापाशी आहे तो. मतदाता मत देणारा, तर मतदार मत बाळगणारा, त्याचा धनी.

जमीनदार, इनामदार, वतनदार, सुभेदार: हा प्रत्यय मराठीत सत्तेच्या आणि मालमत्तेच्या शब्दांबरोबर रुळला. इंग्रजी अमदानीत मतदार व्हायचे तर पदरी आधी असेच काही असावे लागे. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी मताधिकार दिला तो जमीन, सारा, कर, शिक्षण पाहून. मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये स्त्रियांना मत मिळाले, तेही मालमत्तेच्या अटीवरच. ज्याच्या नावावर जमीन नाही, ज्याला शाळेत बसू दिले नाही, त्याच्या मताला सरकारदरबारी किंमत नव्हती.

महाडच्या ‘चवदार’ तळ्यातही हाच प्रत्यय आहे. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता, पण अस्पृश्य मानलेल्यांसाठी तो कागदावरच होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी ते पाणी ओंजळीत घेऊन प्यायले, तेव्हा तो हक्क बजावला गेला. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. पाणी असो की मत, माणूस असणे एवढी पात्रता पुरे, हाच दोन्हींमागचा आग्रह.

संविधानाच्या ३२६ व्या कलमाने तो मान्य केला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते. पण नोंदणी करणारा दाराशी आला, तेव्हा अनेक बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. कायद्याने हक्क दिला होता. नाव मात्र ज्याचे त्यालाच सांगावे लागते.

म्हणून यादीची फेरतपासणी निघाली की आपले नाव बघाच. घरात नव्याने आलेल्या सुनेचे, नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या मुलीचे नावही लागले आहे का, ते पाहा. यादीत नाव नसेल, तर मत असूनही माणूस मतदार होत नाही.